घण्या विरुद्ध मुकाट्या

आमच्या शेजारचे तात्या पोवार जगातल्या कुठल्याही दोन गोष्टी सुखानं शेजारी-शेजारी नांदू देत नाहीत. लगेच त्यांची लढत लावतात. बारा वर्षांपूर्वी मी या गल्लीत राहायला आले, तेव्हा टेम्पोतून माझी दोन कपाटं उतरत होती. एक आईनं लग्नात दिलेलं लोखंडी, दुसरं अलीकडचं प्लायवूडचं. एक वाकड्या नाकाचे गृहस्थ पुढे आले, दोन्ही कपाटांवर टकटक केली आणि ओळखपाळख नसताना विचारलं, "ताई, ह्या दोघांची लावली तर कोन जितंल?"

"काय लावली तर?"

"लढत की!" मग हनुवटी चोळत स्वतःच म्हणाले, "न्हाय, पर वजनगट येगळा हाय. अन्याय हुईल."

"आदी वजनगट बघा की!" हे तात्यांचं पालुपद. दोन खानावळींचा तांबडा रस्सा असो, गल्लीतल्या दोन सुना असोत, आजचे आणि मागचे आमदार असोत, तात्या आधी वजनगट विचारणार. सुनांच्या बाबतीत हा प्रश्न एका सासूबाईंनी शब्दशः घेतला आणि तात्यांशी सहा महिने बोलणं टाकलं.

तात्या वीस वर्षं सैन्यात होते. तिथं ते बॉक्सिंग शिकले, पलटणीच्या स्पर्धांत लढले आणि हवालदार होऊन परतले. नाक मधेच डावीकडे वळतं ते तेव्हापासून. आता कोल्हापूर म्हणजे पोरगं चालायला लागलं की आधी त्याच्या मांड्या बघणारं गाव. त्या गावात हा माणूस गळ्यात हातमोज्यांची जोडी अडकवून परत आला. तालमीच्या कट्ट्यावरची मंडळी विचारायची, "तात्या, लई थंडी वाजती काय वो?" तात्यांनी दोन वर्षं मुलांना बॉक्सिंग शिकवायचा प्रयत्न केला. मुलं दोनचार ठोसे खायची आणि पाचव्याला सरळ कुस्तीतला पट काढून तात्यांनाच आडवं करायची. शेवटी त्यांनी मोजे खुंटीला लावले आणि कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्याच्या फाटकावर सुरक्षारक्षक म्हणून लागले.

पण डोक्यातलं बॉक्सिंग काही खुंटीला लागलं नाही. सैन्यात असताना त्यांनी परदेशी विजेत्यांबद्दलची इंग्रजी मासिकं कुणाकुणाकडून वाचून घेतली होती. त्या विजेत्यांची नावं काही जिभेवर बसेनात, म्हणून तात्यांनी सगळ्यांचं बारसं नव्यानं केलं. हातोड्यासारखा ठोसा मारणारा तो घण्या. गप्प राहून समोरच्याला दमवणारा तो मुकाट्या. शिवाय नाचऱ्या आणि डावखुऱ्या. खरी नावं विचारली की तात्या चिडतात. मला वाटतं, ती आता त्यांनाही आठवत नसावीत.

नुसतं नाव देऊनही त्यांचं भागेना. त्यांनी प्रत्येकाला गावही दिलं. "मानूस कुठला ते कळल्याबिगर त्याच्या बाजूनं बोलायचं कसं?" घण्या दिला इचलकरंजीजवळच्या कबनूरला, कारण कबनूरच्या यंत्रमागांचा खडखडाट थांबत नाही आणि घण्याचे हातही थांबत नाहीत. एका लग्नाच्या पंगतीत तात्या घण्याचं कौतुक करत असताना समोरचा पाहुणा जिलेबी हातात धरून थांबला. तो कबनूरचाच होता. "आमच्यातला? कुठल्या गल्लीतला म्हनायचा?" तात्यांनी क्षणभरही न अडखळता एक गल्ली सांगितली. पाहुणा विचार करून म्हणाला, "व्हय व्हय, ऐकलंय. लई तापट घरानं." आणि जिलेबी संपवली.

विजेत्याची परीक्षा कशी करायची याचे तात्यांचे नियम पक्के आहेत. कुणाला मारलं, कवा मारलं आन उतरला कसा. यातला "उतरला कसा" म्हणजे रिंगण सोडलं कसं, हा भाग त्यांना फार महत्त्वाचा. म्हाताऱ्या झालेल्यांना लोळवून नाव केलेला विजेता त्यांना चालत नाही, आणि हरल्यावर पंचाशी भांडणारा तर नाहीच नाही. मुकाट्याच्या काळी पंधरा फेऱ्या असायच्या, घण्याच्या काळी बारा झाल्या. मुकाट्या रिंगणातून उतरला तेव्हा घण्या पाळण्यात होता. मग दोघांची लढत लावायची तर किती फेऱ्यांची, मोजे कुणाच्या काळातले, पंच कुठला, यावर तात्या बोलत बसले की चहा दोनदा गरम करावा लागतो.

गुणांची पद्धतही त्यांनीच मला शिकवली. मी गणिताची शिक्षिका. अर्धा गुण देताना माझा हात थरथरतो अशी माझी शाळेत ख्याती आहे. एकदा मी अंगणात पेपर तपासत होते. तात्यांनी कुंपणावरून डोकावून पाहिलं. एका मुलीला दहापैकी दोन पडले होते.

"ही पोरगी पेपर टाकून पळून गेलती काय?"

"नाही. शेवटपर्यंत बसली होती."

"मग दोन कसं वो? आमच्यात फेरी जितला त्याला धा, आन हरला त्याला नऊ. पडला तर आठ. उभा ऱ्हायला त्याला नवाच्या खाली न्हाय."

मी त्यांना सांगितलं की बीजगणितात असलं चालत नाही. ते "मग तुमचं बीजगनित चुकतंय" म्हणून निघून गेले. मला राग आला. मग मी तो पेपर पुन्हा उघडला आणि पायऱ्यांचे दीड गुण वाढवले. हे मी शाळेत कुणाला सांगितलेलं नाही.

आता तात्यांच्या बायकोबद्दल, आमच्या काकींबद्दल सांगायला हवं, कारण तात्यांची खरी लढत काकींशीच होती. काकींचं माहेर कागलजवळच्या एका लहानशा खेड्यातलं. तिकडची माणसं अबोल. लग्नानंतर पहिल्यांदा तात्या सासुरवाडीला जेवायला गेले, तर सासरा आणि तीन मेहुणे सबंध जेवण होईपर्यंत फक्त "वाढ" आणि "बास" एवढंच बोलले. घरी परतल्यावर तात्यांनी बायकोला चिडवायला जाहीर केलं, की मुकाट्या आजपासून तुझ्या माहेरचा.

झालं! काकींनी मुकाट्या पदरात घेतला तो कायमचा. बॉक्सिंग म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं. पुढे कधीतरी तात्यांनी मोबाइलवर एक लढत दाखवली, तर "अगं बया, ह्यांच्या अंगात कापडं न्हाईत!" म्हणून त्या उठून गेल्या. पण प्रश्न माहेरच्या अब्रूचा होता. तात्यांनी म्हणायचं, घण्या पहिल्या फेरीत मुकाट्याला झोपवणार. काकींनी म्हणायचं, जमायचं न्हाई. हे चाळीस वर्षं चाललं.

रोज संध्याकाळी पाच वाजता तात्या बाहेरच्या कट्ट्यावर चहा घेऊन बसत आणि काकी आत स्वयंपाकघरात. भांडण खिडकीतून. गल्लीला घड्याळ लागत नसे.

"घण्याचा एक बसू दे, तुझा मुकाट्या उठतोय काय बघू!"

"बसू दे की! चटनी कांडलीया काय कवा? पयल्या घावाला जी बाई जोर लावती, ती अर्ध्या पायलीत भिताडाला टेकती. चार फेऱ्या काढू द्या, पाचवीला तुमचा घण्या घाम पुसत बसतोय का न्हाई बघा."

"पाचवी उजाडूच देत न्हाई त्यो!"

"उजाडती. आमच्याकडं सगळ्यांची उजाडती."

मी वह्या तपासता तपासता ऐकायची. मला काकींचा मुद्दा बिनतोड वाटायचा. तात्यांकडे त्याला उत्तर नसायचं, पण आवाज असायचा. कधी काकी पीठ लागलेल्या हातानिशी बाहेर येऊन कंबरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या, तेव्हा तात्यांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. हरत असलेल्या माणसाला इतकं खूश मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर काकींना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, त्यांना ऐकू येतंय, सगळं कळतंय. बोलणं परत येईल, कदाचित येणारही नाही. घरच्यांनी बोलत राहावं. इचलकरंजीला दिलेली मुलगी महिनाभर येऊन राहिली आणि मग तिलाही जावं लागलं.

गल्लीतली संध्याकाळ एकदम मोकळी झाली. पाच वाजले की मी उगीचच खिडकीशी जाऊन उभी राहायची. मला त्या आवाजाची इतकी सवय झाली होती, हे मला तोवर कळलं नव्हतं.

आणि मग एके दिवशी पाचच्या ठोक्याला तात्यांचा आवाज आला. कट्ट्यावरून नाही, आतून. "मुकाट्या काय लढणार? पयल्या फेरीत आडवा!" दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी आणखी चढ्या आवाजात. आधी घण्याचं कौतुक असायचं, आता सगळा भर मुकाट्याच्या बदनामीवर. समोरून काहीच उत्तर नाही, आणि हा माणूस एकटाच ओरडतोय. समोरच्या वहिनी म्हणाल्या, "आजारी बाईला तरी सोडायचं की वो." मलाही तेच वाटलं. महिनाभर सहन केलं आणि एका रविवारी तरातरा त्यांच्या घरी गेले. तात्या पायरीवर बसून भाताची पेज थंड करत होते.

"तात्या, काय चालवलंय तुम्ही?" मी शाळेतल्याच आवाजात विचारलं. "बोलता येत नाही त्या माणसाशी भांडता? इतकी वर्षं झाली, एकदा मान्य करून टाका ना मुकाट्या जिंकला म्हणून. काकींना बरं वाटेल."

तात्या पेज ढवळत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "मान्य करून कवाच बसलोय बाई मी. लगीन झाल्यावर दुसऱ्याच वर्साला कळलंतं. तिचंच खरं हाय. घण्या पाचवीत बसतोय."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगून? ती जितली म्हनून उठून कामाला लागली असती की. दिसभर तिला काम. माझ्यासंगं बोलायची ती ह्याच्यावरनंच. मला तरी दुसरं काय बोलाय येतंय?" त्यांनी पेजेवर फुंकर घातली. "आन आता मान्य केलं, तर ती बोलंल कशाला?"

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. इतकी वर्षं मी भिंतीपलीकडून ऐकत होते, आणि मला यातलं काही म्हणजे काही कळलं नव्हतं. स्वतःची लाज वाटली.

"पर आता माझ्यावर चिडंना झालीया ती," तात्या म्हणाले. "नुसती बघती. मी बोललेलं तिला आता बोलल्यागत वाटत नसंल. बाई, एक कराल? तुमी बोला. परक्या बाईनं म्हायेराला नाव ठेवलं तर ती सोडायची न्हाय."

"मी? अहो, त्या मला किती जीव लावतात!"

"म्हनूनच की."

आत काकी खाटेवर उशांना टेकून बसल्या होत्या. मला बघून त्यांचं अर्धं तोंड हसलं. मी शेजारी बसून त्यांचा डावा हात हातात घेतला. काकींच्या हातांनी मला बारा वर्षं पुरणपोळ्या आणि आजारपणात पेज आणून दिलेली. मी म्हटलं, "काकी, मला वाटतं घण्याच जिंकेल." त्या हसतच राहिल्या. लहान मुलाचं बोलणं ऐकावं तशा. दारातून तात्यांनी हातानं खूण केली, आणखी.

आयुष्यात इतक्या मुलांना मी टाकून बोलले आहे, पण काकींना बोलणं निराळं होतं. मग एकदाचं मोठ्यानं म्हणून टाकलं, "मुकाट्या भित्रा होता, काकी! तो गप्प राहायचा तो भ्यायचा म्हणून. आणि तुमच्या माहेरची सगळीच माणसं तसलीच, भित्री आणि पळपुटी!"

काकींचं हसू गेलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. कपाळावर एक आठी आली, मग दुसरी. त्यांनी माझ्या हातातला हात हिसडा देऊन काढून घेतला आणि माझं मनगट झिडकारलं. ओठ वाकडेतिकडे हलले आणि घशातून आवाज आला. शब्द नव्हता तो. पण चढा होता, भांडणाचा होता, आणि तो मी ओळखला.

"चिडली!" तात्या दारातून धावत आले. हातातली पेज अर्धी शर्टावर सांडली होती. "बाई, चिडली बघा! चिडली ती!" त्यांच्या वाकड्या नाकावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं.

मला राहवेना. मी काकींच्या पायाला हात लावून माफी मागायला वाकले, तर तात्यांनी माझा दंड घट्ट धरला.

"माफी नगा मागू," ते कुजबुजले. "अजून एकदा म्हना. त्याच आवाजात."