इस्त्रीचा दगड

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे, कारण मी स्वतः तिथे होतो. (म्हणजे पठारावर नव्हतो, टेलरमास्तरांच्या दुकानात होतो, पँटची कंबर सैल करून घ्यायला. पण नुसतं ऐकूनच मला दम लागला.)

लग्न झालं त्या वसंतात मास्तर बायकोला डोंगरावरच्या पठारावर घेऊन गेले होते. तिथे इस्त्रीच्या आकाराचा एक दगड होता. त्यावर बसून त्यांनी शब्द दिला, "दर वसंतात तुला इथं आणीन." पुढचे सगळे वसंत गिऱ्हाइकांनी नेले. यंदा लेक सासरी गेली, घर ओकंबोकं झालं, आणि मास्तरांनी एक दिवस दुकानाचं शटर ओढलं.

"दगड सापडेल का पण?" बायको म्हणाली.

"डोळे मिटून नेतो!"

पठार होतं तसंच होतं. बोटभर गवत, त्यात पिवळी फुलं, वर कुठेतरी चंडोल, आणि माणूस औषधालाही नाही. मास्तर नवरदेवासारखे पुढे निघाले. तेवढ्यात धुकं उतरलं. असं दाट, की कात्रीनं कापून कोट शिवावा.

मास्तर डगमगले नाहीत. खिशातला टेलरिंगचा खडू काढून वाटेतल्या दगडांवर फुल्या मारत चालले. परतताना फुल्या धरून उतरायचं आणि शेवटची बस गाठायची. नाहीतर रात्र पठारावर. (ही योजना बायकोला सांगायची तेवढी राहिली.)

दुपार कलली तरी दगड सापडेना. मास्तर हिरमुसून मागे वळले, तर एकही फुली नाही!

"अगं, खुणा कुठे गेल्या?"

"खडूच्या? पुसल्या की."

"पुसल्या?"

"मग! जन्मभर तुम्ही खुणा करायच्या, मी झटकायच्या. गिऱ्हाइकाला खडू दिसता कामा नये म्हणून कोण ओरडतं?"

"इथं कुठलं आलंय गिऱ्हाईक!"

"ते हाताला काय ठाऊक?"

मास्तर मटकन खाली बसले. बायको खुदकन हसली.

"हसतेस काय? रात्र काढायचीय इथं!"

"अहो, बसलात कशावर ते तरी बघा."

इस्त्री! टोकाला तीच जुनी खाच. दोघं शेजारी बसली, डबा उघडला.

"तेव्हाही वाट चुकला होतात तुम्ही."

"चुकलो नव्हतो. मुद्दाम लांबून नेलं होतं. तुझ्याशी बोलता यावं म्हणून."

"मग वाटभर बोलला का नाहीत?"

"दगड येईपर्यंत धीरच झाला नाही."

बायकोने रुमालाने मास्तरांच्या बोटांवरचा खडू पुसला. खालून बसचा हॉर्न आला, तशी त्या आवाजाच्या रोखाने दोघं हात धरून धावत सुटली. बस मिळाली.

आता कबुली. यातलं धुकं तेवढं माझं. त्या दिवशी लख्ख ऊन होतं, आणि इस्त्रीचा दगड बसथांब्यावरून सरळ दिसतो. पण मास्तर काकुळतीला आले, "लिहाल तेव्हा थोडं धुकं घाला हो!" घातलं. मापापेक्षा जरा सैलच बसलंय, माझ्या पँटसारखं.