कोल्हा धावपट्टीवर, रडारड माझ्या अंगणात

माझ्या नणंदेचा मुलगा तालाय बातमीदार आहे, आणि बरोबर जेवायच्या वेळेला उगवतो. मामाच्या घरातलं हवं ते उचलून न्यायचा भाच्याला हक्क, ही आम्हा किर्गिझांची रीत. म्हणून तर म्हणतात, भाचा येण्यापेक्षा सात लांडगे आलेले परवडले. आजवर त्याने खोगीर नेलं, चहाचा समोवर नेला, मी बोलले नाही. परवा मात्र त्याने माझ्या मुलीचं नाव नेलं.

माझी जिपार ओशच्या विमानतळावर टॉवरमध्ये बसते. मला सही करायला अर्धा दिवस लागतो, आणि माझ्या पोटची पोर विमानाला म्हणते, फिरून ये, की ते निमूट फिरून येतं. माझं तर कोंबडंही ऐकत नाही.

परवा जेवताना ती सहज म्हणाली, "आज धावपट्टीवर कोल्हा आला होता. विमानाला एक फेरी मारायला सांगितली. कोल्हा गेला, विमान उतरलं."

"मग?" तालायने विचारलं.

"मग मी चहा प्यायले."

तालायने पुलावाचं ताट चाटूनपुसून संपवलं आणि गेला. संध्याकाळी फोनवर त्याची बातमी: 'ओशच्या आकाशात मृत्यूच्या घिरट्या! टॉवरमधल्या मुलीने शंभर जीव टांगणीला लावले?'

मी त्याला फोन लावला. "मेल्या, हे काय?"

"मामी, शेवटी प्रश्नचिन्ह आहे ना."

दुसऱ्यांनी तीच बातमी उचलली आणि प्रश्नचिन्ह काढून टाकलं. टीव्हीवाल्यांनी आणखी एक विमान घातलं आणि दोन्ही एकमेकांच्या अंगावर सोडली. कोल्हा कुठेच नव्हता. जिपारच्या साहेबाचा फोन आला, "चौकशी होईपर्यंत घरी बस." पोरीने गणवेशाला इस्त्री केली आणि खुंटीला टांगला. 

डोंगरातल्या आमच्या भावकीपर्यंत बातमी पोचेतो टॉवरही कोसळला होता. सकाळी पुरुषमंडळी फाटकापासूनच रीतीप्रमाणे हंबरडा फोडत आली, सोबत मयताच्या जेवणासाठी मेंढा. जिपार दात घासत बाहेर आली. थोरले दीर हुंदक्यातच थांबले.

"तू मेली नाहीस?"

"नाही काका."

"मग आम्ही कुणासाठी रडतोय?"

"ते तालायला विचारा," मी म्हणाले.

रडणं आवरता येतं, आणलेला मेंढा परत नेता येत नाही. कापला. तो शिजत असतानाच साहेबाचा फोन आला, "टॉवरमधल्या बोलण्याची टेप ऐकली. वैमानिकाने तुझे आभार मानलेत. उद्यापासून ये." मी फोन हिसकावून घेतला आणि तेच वाक्य त्याला अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल असं पुन्हा म्हणायला लावलं.

मांस वाढायला बसलो, तर तालाय कॅमेरा घेऊन हजर. "मामी, या दुःखाच्या प्रसंगी दोन शब्द?"

मी मेंढ्याचा कान कापून त्याच्या हातावर ठेवला. कान आमच्यात लहान पोरांना देतात, ऐकायला शिकावीत म्हणून.

"खा," मी म्हणाले. "जिपारला आकाशातलं ऐकू येतं, तुला ताटासमोरचं आलं नाही. आणि जीभ मागू नकोस, बाबा. तुझ्याकडे आहे तेवढी लांब कुठल्याच मेंढ्याला नसते."