रफू दिसून आले नाही

आमच्या शहरात पर्यटक यायचे बंद झाले, ही बाब पालिकेच्या निदर्शनास तिसऱ्या वर्षी आली. पहिली दोन वर्षं पर्यटन समितीची बैठक गणसंख्येअभावी तहकूब होत होती. तिसऱ्या वर्षी सभागृहात नव्या खुर्च्या आल्या, सगळे सदस्य त्या बघायला जमले आणि अनायासे बैठक झाली. शहराच्या मध्यभागी पाहण्यासारखं काही उरलेलं नाही, असा निष्कर्ष तीत निघाला. पूर्वी नदीवरचा जुना दगडी पूल होता. तो अजूनही आहे, पण पर्यटकांना तो आणखी छान दिसावा म्हणून पालिकेने त्याच्या सुशोभीकरणाचं काम काढलं आणि तेव्हापासून तो हिरव्या कापडाखाली आहे.

मी पालिकेत आवक-जावक कारकून आहे. आलेला कागद सर्वांत आधी मी पाहतो आणि जाणारा कागद सर्वांत शेवटी. मधल्या काळात त्याचं काय होतं ते मला ठाऊक नसतं आणि विचारायची पद्धतही नाही. तर एका सोमवारी वरून परिपत्रक आलं, 'नगरकेंद्र पुनरुज्जीवन योजना'. दिवे, बाक, फरशा, कारंजं, सगळं मिळणार होतं. अट एकच होती: 'सदर योजनेचा लाभ केवळ मृत', आणि इथे पहिलं पान संपलं होतं. दुसरं पान 'प्राय' या अक्षरांनी सुरू होत असावं असा माझा आपला अंदाज. पण दुसरं पान आलंच नव्हतं. तिसरं आलं होतं, त्यावर सही होती.

मी धीर करून टिपणी लिहिली, 'येथे मृतप्राय असा शब्द अभिप्रेत आहे काय, याचा खुलासा व्हावा.' दीड महिन्याने उत्तर आलं: 'प्राय चालणार नाही. पुनरुज्जीवन म्हणजे पुन्हा जिवंत करणे. जे मेलेलेच नाही ते पुन्हा जिवंत कसे करता येईल? सोबतच्या नमुन्यात मृत्यूचा दिनांक भरून प्रस्ताव सादर करावा.'

मुख्याधिकाऱ्यांनी ते दोनदा वाचलं. "मुद्दा बिनतोड आहे," ते म्हणाले. त्यांना वरून आलेला प्रत्येक मुद्दा बिनतोड वाटतो.

लगेच आम्ही दोघं मुख्य रस्त्याच्या पाहणीला निघालो. रस्त्यावर चाळीस गाळे. पहिल्याचं शटर गंजलेलं, दुसऱ्याच्या पाटीवरची अक्षरं गळालेली, तिसऱ्याच्या पायरीवर गवत. साहेबांची कळी खुलत गेली. "वा! छान! हेही बंद!" असं म्हणत ते वहीत खुणा करत होते. एकोणचाळीस खुणा झाल्या आणि चाळिसाव्या गाळ्यापाशी त्यांचा पेन हवेतच राहिला. दार सताड उघडं होतं. आत दोन बाया आणि एक पोस्टमन बाकावर बसले होते आणि खिडकीशी नाकावर चष्मा ओढून एक बाई शर्टाच्या कॉलरमध्ये सुई चालवत होत्या.

"हे काय चाललंय?"

"रफू, साहेब."

"म्हणजे इथे अजून धुगधुगी आहे?"

"आहे. रोज दहा-बारा माणसं येतात."

"अरेरे," साहेब म्हणाले, आणि त्यांनी खरोखर हळहळून मान हलवली.

त्या बाईंना सगळं गाव मावशी म्हणतं. माझी मात्र ती सख्खी मावशी, आईच्या पाठची. त्यामुळे तिची समजूत घालायचं काम ओघानेच माझ्याकडे आलं. मावशीचं रफू म्हणजे काय ते सांगायला हवं. ती कपड्याच्याच आतल्या शिवणीतून चार धागे ओढून काढते आणि भोकावर असे काही विणते की मालकालाही नंतर जागा सापडत नाही. बरेच जण कपडा उलटासुलटा करून बघतात आणि "अहो, झालंय का अजून?" असं विचारतात. हा प्रश्न आला की मावशी खूश होते.

"मावशी, दोन दिवस दुकान बंद ठेवशील?" मी विचारलं. "पाहणी समिती यायची आहे. रस्ता मेलेला दिसायला हवा, मग तो जिवंत करणार आहेत."

"मग मी आहे ना जिवंत. माझ्यापासून सुरुवात करा म्हणावं."

"तू आहेस हीच तर अडचण आहे गं."

तिने दाताने धागा तोडला. "हे बघ, उद्या त्या नर्सबाईंच्या लेकीची मुलाखत आहे. तिचा कोट माझ्याकडे आहे, खांद्यावर उंदराने कुरतडलेला. तो उद्या सकाळी द्यायचाय. तुझ्या साहेबाला सांग, मरायला मला सवड नाही."

मी साहेबांना सौम्य शब्दांत कळवलं. त्यांनी 'दुकानदार सहकार्य करण्याच्या मनःस्थितीत नाहीत' असा शेरा मारला आणि दुसऱ्या दिवशी समिती आली.

तिचं नाव मृत्यू-पडताळणी समिती. तीन सदस्य, पैकी अध्यक्ष राखाडी रंगाचा महागडा कोट घालून आलेले. बाराव्या गाळ्याच्या शटरचा निघालेला पत्रा त्यांना दिसला नाही आणि कोपरावर कोट दोन बोटं फाटला. अध्यक्ष हवालदिल झाले. कोट लग्नातला होता आणि बायको घरी होती. तेवढ्यात मावशीने दारातून हाक मारली, "अहो, काढा तो इकडे."

वीस मिनिटं तिन्ही सदस्य बाकावर बसून होते. मी मनात म्हटलं, झालं, वाचलो. आता यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, दुकान चालू आहे, रस्ता जिवंत आहे. मावशीने कोट झटकून दिला. अध्यक्षांनी बाही उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली, दुसऱ्या दोघांना दाखवली. तिघांनाही काही सापडलं नाही. अध्यक्षांनी मावशीला हात जोडले. ते अगदी मनापासून जोडले होते, हे मी शपथेवर सांगेन.

आठवड्याने अहवाल माझ्याच टेबलावर आला. 'केंद्रात कोणतीही व्यावसायिक हालचाल आढळली नाही. गाळा क्रमांक ४० येथे एक रफू झाल्याचे तोंडी सांगण्यात आले, तथापि समितीने संबंधित वस्त्राची बारकाईने तपासणी केली असता रफू दिसून आले नाही. सबब केंद्र मृत समजण्यास हरकत नाही.' मृत्यूच्या दिनांकासमोर पाहणीचाच दिनांक होता. मी त्यावर आवक क्रमांक टाकला. दुसरं काही टाकता आलं असतं का, याचा मी पुढे बराच विचार केला.

केंद्र मृत ठरल्यावर चाळीसही गाळ्यांना पालिकेची कुलपं लागली. मावशीचं शिवणाचं टेबल मीच माझ्या घरी आणलं. आमचं घर शहराच्या टोकाला, चौथ्या मजल्यावर. सुरुवातीला चारदोन जण जिने चढून आले, मग तेही थांबले. फाटलेलं टाकून द्यावं आणि मोबाईलवरून नवं मागवावं, ते घरपोच येतं. माझी बायको म्हणाली, "मावशी, आता आराम करा." मावशी खिडकीत बसून होती. "आरामाला कुठे नाही म्हणतेय मी," ती म्हणाली. "पण सकाळी उठून कुणीतरी माझी वाट बघत असेल असं वाटायचं गं. ते काही आता वाटत नाही." त्या रात्री जेवताना मला तिच्याकडे बघवलं नाही.

दीड वर्षात रस्ता पुन्हा जिवंत झाला. कारंजं आलं, दिवे आले, ज्यावर पाठ टेकता येत नाही असे बाक आले. बाहेरून सल्लागार आले होते, त्यांच्या आराखड्यात चाळिसाव्या गाळ्याच्या जागी काचेची मोठी खिडकी होती आणि खिडकीत सुईदोरा घेतलेली बाई. खाली लिहिलं होतं, 'जिवंत वारसा'. त्या पदासाठी जाहिरात निघाली. मी ती धावत घरी नेली.

मावशीने वर्षभरात पहिल्यांदा केस नीट विंचरले. "माझ्याच जागेत बसायचं, माझंच काम करायचं. मग त्याला वारसा म्हणा नाहीतर फारसा म्हणा," ती हसून म्हणाली.

मुलाखतीला मुख्याधिकारी आणि सल्लागार होते. साहेबांनी तिला खुर्ची दिली, पाणी मागवलं. माणूस वाईट नाही. "मावशी, तुम्हाला कोण ओळखत नाही! फक्त अनुभवाचा पुरावा लागेल. त्या गाळ्यात काम चालू होतं असं दप्तरात कुठे दिसत नाही."

"चौतीस वर्षं बसले हो मी तिथे."

"मला माहीत आहे ना. पण दप्तराला माहीत नाही. असं करा, तुम्ही रफू केलेले कपडे दाखवा."

मावशीने ओळखीच्या घरांतून सात कपडे जमवून नेले. सल्लागारांनी भिंग मागवलं. एकेक कपडा दिव्याखाली धरला, बोटं फिरवली आणि शेवटी भिंग खाली ठेवलं. "यांत तर काहीच केलेलं नाही."

"तेच तर केलंय," मावशी म्हणाली.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "मावशी, आयुष्यात एखादं तरी वाईट काम करून ठेवायचं होतंत! आज उपयोगी पडलं असतं."

"जमलं नाही हो भाऊ," मावशी म्हणाली आणि सातही कपडे घड्या घालून पिशवीत भरू लागली.

पद एका तरुणीला मिळालं. तिने पूर्वी एका साबणाच्या जाहिरातीत सुई हातात धरली होती आणि तिच्याकडे त्याचे फोटो होते. दहा ते पाच खिडकीत बसायचं. सुईत दोरा ओवायचा नाही, कारण प्रत्यक्ष काम केलं तर तो व्यवसाय होतो आणि वारशाच्या जागेत व्यवसायाला मनाई आहे.

उद्घाटनाला पर्यटक किती आले ते मोजायचं राहून गेलं, पण गाव मात्र झाडून आलं. ज्यांना मी वर्षानुवर्षं या रस्त्यावर पाहिलं नव्हतं ते सगळे मुलाबाळांसह, नवे कोरे कपडे घालून आले होते. काचेसमोर तोबा गर्दी होती. "अगदी आपल्या मावशींसारखी बसलीय बघ," एक आजोबा नातीला सांगत होते. "काय हात होता त्यांचा! अशी माणसं आता राहिली नाहीत."

मावशी माझ्यासोबत आली होती. मी नको म्हणत होतो. गर्दीतून वाट काढत ती काचेपाशी गेली आणि आत बघत उभी राहिली. बराच वेळ बघितल्यावर तिने काचेवर बोटाने हलकेच टकटक केलं आणि त्या मुलीला सुई कशी धरायची ते खुणेने दाखवलं. मुलीने बिचारीने लगेच पकड बदलली.

तेवढ्यात मागून कुणीतरी मोबाईल उंच धरून म्हणालं, "ओ बाई, जरा बाजूला व्हा ना! मावशींचा फोटो घ्यायचाय, तुम्ही मधे येताय."

मावशी "हो, हो" म्हणत चटकन बाजूला झाली.

मला संताप आला. असल्या माणसाला चार शब्द सुनवावेत म्हणून मी गर्रकन मागे वळलो. वळून पाहिलं तर तुम्ही होतात.