उल्हास गप्प झाला

आमच्या डिचोलीच्या वाड्यावर पाववाल्या पोदेराची सायकल थांबली, की शेजारचा उल्हास पाव घ्यायच्या आधी विचारणार, "आणि कुणी पावांचा मोठ्यात मोठा आकडा सांगितला तर?" पोदेर म्हणतो, "बाब, चार पाव घे आणि सोड मला."

उल्हास म्हणजे पन्नाशीचा एकटा जीव. घरी बसून संगणकातली भोकं शोधतो, म्हणजे चोर जिथून शिरेल ती. कामाबद्दल इतकं बोलतो की विचारू नका. माझ्या सोप्यावर बसला की चहा निवो, भात करपो, हा उठायचा नाही. मी आपली आदोळीवर भाजी चिरत 'हं, हं' करायची.

तर चतुर्थीच्या आधी हा एकाएकी गप्प! पोदेरालाही काही विचारीना. "काय रे, बरं नाही?" म्हटलं तर मान हलवून घरात. माझा जीव खालीवर. शेवटी आम्ही बायकांनी देवळात नारळ ठेवला. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराची वाचा परत दी!" आम्ही ओरडलो, "व्हय म्हाराजा!"

परवा सकाळी स्वारी पेढे घेऊन हजर, आणि तोंड सुटलेलं.

"वयनी, कर्नेलमध्ये भोक सापडलेलं गो! कर्नेल म्हणजे संगणकाचा मुख्य कारभारी. समज, देवळात जेवणावळ आहे. कुणी लबाडाने माणसांचा आकडा इतका प्रचंड सांगितला, की कारभाऱ्याच्या पाटीवर मावेना. स्कूटरच्या मीटरसारखा फिरून शून्यापाशी आला. कारभाऱ्याने मांडली दोन पानं, आणि आली सगळी जत्रा! ती घुसणार शेजारच्या घरात, थेट कपाटापर्यंत."

"मेल्या, मग बोलायचं नाही?"

"दुरुस्ती निघायच्या आधी बातमी फुटली, तर चोरांचं फावलं. आणि एकदा तोंड उघडलं की मी थांबतो कुठे? म्हणून उघडलंच नाही. काल निघाली दुरुस्ती. फोन दे तुझा, दुरुस्ती घालून देतो, त्यातही तोच कारभारी आहे."

हसून माझी पुरेवाट झाली. मग मी त्याला गाऱ्हाण्याचं सांगितलं. नारळ, गुरव, सगळं. वाटलं, पोट धरून हसेल.

तो माझा फोन हातात धरून तसाच बसला. डोळे भरून आलेले.

"म्हणजे मी बोलतो ते तुम्ही ऐकता?"

मी आदोळी बाजूला सारली.

"चहा टाकते," म्हटलं. "ती जेवणावळ पुन्हा पहिल्यापासून सांग."