दंडातली कांडी

माणूस बरा आहे की नाही, हे त्याला विचारून कधीच नीट कळत नाही. विचारले की तो बोलतो, आणि एकदा बोलायला लागला की थांबत नाही. यावर उपाय म्हणून डॉक्टरांनी माझ्या दंडात, कातडीखाली, एक बारीक कांडी बसवली आहे. वर चिकटवलेली डबी तिच्यावर उजेड पाडते, अंगातल्या साखरेप्रमाणे कांडी कमीजास्त चमकते, आणि आकडा मोबाईलवर जातो. माझ्या नव्हे, मुलाच्या, सुनेच्या आणि परगावी असलेल्या मुलीच्या. (दंड तेवढा माझा.)

मोठीच सोय झाली. पूर्वी मुलगी रोज संध्याकाळी फोन करून "बाबा, कसे आहात?" विचारायची. तो वेळ आता वाचतो. मुलगा कामावरून आला की माझ्या खोलीत डोकवायचा. आता जिन्यातच मोबाईल पाहतो आणि सरळ जेवायला बसतो. डॉक्टर म्हणाले, नियंत्रण उत्तम आहे. इतके उत्तम, की महिनाभर माझ्याशी कुणी बोलले नाही.

एका दुपारी माझ्या चहात चुकून साखर पडली. (चूक दोन चमच्यांची होती.) थोड्या वेळाने मुलीचा फोन.

"बाबा, काय खाल्लंत?"

"काही नाही गं. तुझं कसं चाललंय? खोकला गेला का?"

"विषय बदलू नका!"

खोकला गेला नव्हता, हे आवाजावरून कळले.

मग मी रीतसर पद्धत बसवली. मुलीसाठी दोन चमचे. मुलगा प्रत्यक्ष खोलीत यावा, तर वर चार बिस्किटे. सुनेसाठी नुसते साखरेच्या डब्याचे झाकण वाजले तरी भागते.

डॉक्टरांनी आलेख पाहिला. "आजोबा, असंच चाललं तर डोळे जातील."

"कान राहतील ना?" मी विचारले. त्यांना प्रश्न कळला नाही.

त्या संध्याकाळी माझ्या खोलीत बैठक भरली. मुलगी पहिल्या गाडीने आली होती. तिघेही तासभर माझ्यावर ओरडत होते. इतकी छान संध्याकाळ बऱ्याच दिवसांत झाली नव्हती. शेवटी साखरेचा डबा कुलपात गेला.

आकडा सुधारला. घर पुन्हा शांत आहे.

तुम्ही हसलात, बरे वाटले. पण तुमच्या घरच्या म्हाताऱ्याच्या दंडात तर कांडीही नाही. मग तो बरा आहे, हे तुम्हाला कुठल्या यंत्राने सांगितले?