कुठेच न जाणारा जिना

आमच्या गल्लीत गणपतकाकांच्या अंगणात एक जिना आहे. तो कुठेच जात नाही. विटा-सिमेंटच्या बुटक्या बुटक्या पायऱ्या, डाव्या हाताला पाइपचा कठडा, वर दोन माणसं उभी राहतील एवढा चौथरा, आणि चौथऱ्यापुढे नुसती हवा. घर एकमजली, पत्र्याचं, तेही बरंच मागे. नवा पाहुणा गल्लीत शिरला की आधी जिन्याकडे बघतो, मग वर आभाळाकडे, मग आमच्याकडे. आम्ही म्हणतो, काकांनाच विचारा.

काका सांगत, "गाडी लागनार हाय तिथं."

गाडी म्हणजे काकांची जुनी, लांब नाकाची लॉरी. जिना उभा राहिला तेव्हा ती इचोड्याला राजन्नाच्या वेल्डिंगच्या दुकानात तुकडे होऊन पडली होती, त्यामुळे या उत्तरानं कोणाचंच समाधान होत नसे.

माझं तर मुळीच झालं नाही. माझे वडील शाळेत मास्तर, आणि सुट्टीच्या दिवशी सभांची पत्रकं लिहिणारे. ती घरोघर वाटत मी वाढलो. कुठे काही चुकीचं दिसलं की आधी माझी जीभ उठते, मग मी उठतो. जिना सार्वजनिक रस्त्यावर अतिक्रमण करतो असं ठरवून मी एका सकाळी काकांच्या अंगणात उभा राहिलो आणि नागरिकांच्या हक्कांपासून सुरुवात केली. काका छातीएवढ्या एका बांबूवर हनुवटी टेकवून ऐकत होते. माझ्या प्रत्येक मुद्द्याला म्हणायचे, "येऊ दे… येऊ दे…" मला वाटलं माणूस पटत चाललाय. तेवढ्यात ते म्हणाले, "बस." मग तोच बांबू जमिनीवर आडवा टाकून त्यांनी दाखवलं, की रस्त्याची हद्द इथे संपते आणि जिना तिथे सुरू होतो. मधे म्हैस बसेल एवढी जागा होती.

"येऊ दे, येऊ दे, बस" हे काकांचं पालुपद. लॉरी मागे घेताना क्लीनर ओरडतो तसं. मागच्या वर्षापासून त्यांना ते लागलं. चहा ओतणाऱ्याला तेच, केस कापणाऱ्याला तेच. एका लग्नात पाहुण्यांचं भाषण संपेना, तेव्हा काकांनी मागच्या रांगेतून "बस" म्हटलं आणि क्लीनर गाडी सोडताना दारावर मारतो तशा खुर्चीवर दोन थापा मारल्या. वक्ते भांबावून खाली बसले. मंडप खूश झाला.

त्यांच्या बोलण्यात माणूस आणि लॉरी यांच्यात फारसा फरक नव्हता. गुडघे दुखले की बुश गेले. पोरगी सासरी गेली की लोड पोचला. मागच्याच वर्षी शेवंताकाकींना लकवा झाला, उजवी बाजू गेली, बोलणंही जवळजवळ बंद पडलं, तेव्हा गल्लीतल्या लोकांनी विचारलं तर काका म्हणाले होते, "गॅरेजमदी हाय. निंगन काम करून." आणि विषय बदलला होता. काकी त्यानंतर घराबाहेर दिसल्या नाहीत.

आता लॉरीचं. तिची चासी, म्हणजे ज्या दोन लोखंडी पट्ट्यांवर सगळा डोलारा उभा असतो ती, गंजून केबिनीच्या मागे चिरली होती. काकांनी भंगारातून एका नव्या ट्रकची इंजिनासकट चासी आणली. परिवहन कार्यालयाचे कागद रीतसर केले. सगळे म्हणाले, आता केबिनही नवी घ्या. काका म्हणाले, "नव्या केबिनीत मानूस चढत नाई, पहाड चढते." जुनी केबिन नव्या चासीवर बसवायची, हे त्यांनी ठरवलं होतं.

राजन्नाचं दुकान हायवेला लागून, आणि मी काम करतो ते छपाईचं दुकान त्याला लागून. त्यामुळे पुढचं सगळं मी रोज पाहिलं. राजन्ना मूळचा निर्मलकडचा, तेलुगू माणूस, पण इचोड्यात राहून आमची मराठी आमच्यापेक्षा फाडफाड बोलतो. त्यानं जाड प्लेट कापून केबिनीसाठी ब्रॅकेट केले, चासीवर ठेवले, मधे रबराचे गट्टू दिले, चेनपुलीनं केबिन उचलून वर टेकवली. लेव्हल लावून पाहिली. पाण्याचा बुडबुडा बरोबर मधे. राजन्ना हात पुसत मागे सरला.

काकांनी बांबू आणून केबिनीच्या डाव्या दारापाशी उभा केला. बांबू संपला तिथून केबिनीची जमीन चार बोटं वर होती.

"काढ," काका म्हणाले.

हा बांबू चौथऱ्याच्या उंचीचा होता. काका तो बसमधून रोज आणत. आडवा ठेवला तर बायांच्या साड्यांत अडके, उभा धरला तर छताला लागे असं कंडक्टर म्हणायचा, जे खोटं होतं. त्याला फक्त बांबूचं तिकीट फाडायचं होतं.

काकांचा हिशेब साधा होता. लॉरी जिन्याला लागली की केबिनीची जमीन आणि चौथरा एका पातळीत यायला पाहिजे. केबिन खाली राहिली तर दार चौथऱ्याला अडतं आणि उघडत नाही. आणि वर राहिली तर? "वर नाई पायजे," एवढंच काका सांगत.

राजन्ना म्हणाला, रबर काढतो, दोन बोटं कमी होतील. काका म्हणाले, मग केबिन आदळेल, वद्दू. तेलुगूत नको म्हणायचं झालं की काकांना एवढाच शब्द पुरत असे. मग राजन्नानं ब्रॅकेट चासीच्या वरून काढून बाहेरच्या अंगाला लटकवले. केबिन खाली आली, पण तिची जमीन गिअरबॉक्सवर टेकली. राजन्ना म्हणाला, पत्रा कापावा लागेल. काका म्हणाले, काप, पण माझ्या बाजूनं काप, डाव्या सीटखालचा एक तुकडा जाता कामा नये. ड्रायव्हरनं आपल्या पायाखालची जमीन कापून द्यावी आणि रिकाम्या सीटची राखावी, हे राजन्नानं अख्ख्या हयातीत पाहिलं नव्हतं. तरी त्यानं तसं केलं. ब्रॅकेट तिसऱ्यांदा वेल्ड केले, खालून तिरक्या पट्ट्यांचा आधार दिला. केबिन बसली.

बांबूपेक्षा दोन बोटं वर.

"काढ."

राजन्नानं तोंडावरची वेल्डिंगची ढाल काढून जमिनीवर ठेवली. रागावला की तो फार हळू बोलतो. "काका, जिना तुमचा, सिमेंट तुमचं. वर एक पायरी टाका ना. मी कायले मरून राह्यलो?"

"जिना नाई हालनार," काका म्हणाले. "केबिन हालन."

मी मधे पडलो. श्रमाचा अपमान करण्याचा हक्क कोणालाही नाही, अशा अर्थाचं काहीतरी बोललो. काका माझ्याकडे पाहून म्हणाले, "येऊ दे, येऊ दे." आणि बांबू घेऊन बसस्टॉपकडे गेले.

दुसऱ्या दिवशी काका आले नाहीत. राजन्नाला वेगळीच शंका आली. इतके दिवस उन्हात फिरवून तो बांबू सुकून आखूड झाला असेल, म्हातारा आखूड बांबूवर आपल्याला नाचवतोय. त्यानं माझ्या हातात टेप दिला आणि चौथरा मोजून यायला गावी पाठवलं. दुपारची वेळ, कापसाच्या वेचणीचे दिवस. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. मी काकांच्या अंगणाच्या कोपऱ्यावर आलो आणि थांबलो.

शेवंताकाकी जिन्यावर होत्या. डावा हात कठड्यावर, उजवा गळ्यातल्या ओढणीच्या झोळीत. डावा पाय वर ठेवायच्या, मग उजवा ओढून त्याच्या शेजारी आणायच्या. मग थांबायच्या. काका खाली, दोन्ही हात मागे बांधून उभे. त्यांनी काकींना धरलं नव्हतं. नुसते हळू म्हणत होते, "येऊ दे… येऊ दे…" काकी चौथऱ्यावर पोचल्या, वळल्या, आणि हवेकडे तोंड करून उभ्या राहिल्या. काका म्हणाले, "बस."

मी दिसलो तेव्हा काकी ओशाळून हसल्या. तोंडाची एकच बाजू हसली. काका मला बाजूला घेऊन गेले. माझ्या हातातला टेप पाहिला, पण त्याबद्दल बोलले नाहीत.

"पोरं व्हायच्या आधी हीच माही क्लीनर," काका म्हणाले. "आदिलाबादचा कापूस भरून कुठं कुठं गेलो. डाव्या सीटवर ही. गाडी मागं घेतली का उतरून ओरडे, येऊ दे, येऊ दे, बस. सारा अड्डा पाहे, बाई ओरडून राह्यली म्हनून. तिचा आवाज गेला तं घर मुकं झालं. मंग मीच म्हनत गेलो."

मी विचारलं, मग एक पायरी वाढवायला काय हरकत आहे.

"सारा पावसाळा गेला तिचा ह्या जिन्यात. तवा कुठं परवा वर पोचली. मले बोटानं दाखवलं, संपला. आता मी तिले कसं सांगू, का अजून एक हाय?"

कोणाला सांगू नको म्हणाले. पण पत्रकं वाटत वाढलेल्या माणसाच्या पोटात गोष्ट राहत नाही. इचोड्याला उतरल्या उतरल्या मी राजन्नाला सांगितलं. त्यानं टेप परत घेतला. उंची किती भरली हे विचारलंच नाही. गॅस पेटवला आणि आपल्या हातचे चांगले ब्रॅकेट कापायला बसला.

चौथ्या वेळी एकच बोट राहिलं. राजन्ना म्हणाला, यापुढे गिअरबॉक्स ऐकत नाही, गाडी घेऊन चला, बाकी तिथं पाहू.

लॉरी जिन्याला लागली तेव्हा रविवार होता, गल्ली भरलेली. काकी चौथऱ्यावर उभ्या होत्या, या खेपेला सगळ्यांसमोर. दार उघडलं. एक बोट वर. तिथे धरायला कठडा नव्हता; काकींनी पाय उचलला, तो काठाला घासून परत आला. काका स्टिअरिंगवर होते. राजन्नानं खाली वाकून स्प्रिंगचे पाटे पाहिले आणि आमच्याकडे वळला.

"कायले पाहून राह्यले? चढा मांगं सारे. गाडी दबू द्या."

आम्ही चढलो. केबिनीला चिकटून दाटीवाटीनं उभे राहिलो. माझे वडील चढले, पाटलांची जाडी सून चढली, जिन्याला हसणारे सगळे चढले. लॉरी कण्हत दबत गेली. खाली राजन्ना काठावर बोट धरून होता, पण त्याच्या आधी वरूनच आवाज आला. जड, तुटका, पण गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असा.

"येऊ… दे. येऊ दे."

सरपंचांचे वडील काठी टेकत चढले.

"बस," काकी म्हणाल्या.

आणि जिन्यावरून घरात जावं तशा केबिनीत गेल्या.

आम्ही उतरायला लागलो, पण तेवढ्यात डाव्या खिडकीतून एक हात बाहेर आला आणि दारावर दोन थापा पडल्या. ही खूण ऐकल्यावर काका थांबणं शक्यच नव्हतं. नेरडीगोंड्याच्या चहाच्या टपरीपर्यंत त्यांनी गाडी कुठेच उभी केली नाही. अर्धी गल्ली मागे उभी, निम्म्यांच्या पायात चपला नाहीत, आणि पुढे केबिनीत, सबंध रस्ताभर, डाव्या सीटवर काकी.