धोंडोपंत कासव झाड निवडतात

एका जंगलात एका कासवाला झाड हवं होतं.

हसू नका. जंगलात झाडांना काय तोटा, असंच ना? अरे बाळांनो, तुम्हाला जंगल माहीत आहे, वसाहत माहीत नाही. झालं असं, की तळ्याकाठची सगळी दाट झाडी तोडून तिथे प्राण्यांसाठी प्लॉट पाडले. वसाहतीचं नाव ठेवलं 'वनराई'. जी झाडं तोडली त्यांचीच नावं रस्त्यांना दिली. मोह मार्ग, ऐन गल्ली, करंज चौक. करंज चौकात करंज नव्हता. पाटी होती.

या करंज चौकात धोंडोपंत कासव आणि त्यांच्या पत्नी यमुनाबाई राहायला आले. कासवाला घर कशाला, ते तर त्याच्या पाठीवरच असतं, असं तो पुढे बसलेला शहाणा विचारतोय. गप्प बस. सगळे घेत होते म्हणून त्यांनीही घेतलं. मोठा झालास की तूही घेशील.

घर झकास होतं. अंगण ऐसपैस होतं. पण सावली औषधालासुद्धा नव्हती. चैत्र लागला की यमुनाबाईंची पाठ तव्यासारखी तापायची. एकदा एक चिमणी घटकाभर टेकायला म्हणून पाठीवर उतरली आणि किंचाळत उडाली. पुन्हा ती त्या चौकात फिरकली नाही.

"अहो," यमुनाबाई म्हणाल्या, "मला घेरी येते हो उन्हानं. अंगणात एक झाड लावा. आपलं साधं करंजाचं. छान गार सावली पडते."

"करंज?" धोंडोपंतांनी नाक मुरडलं. "अगं, करंज काय, कुठेही उगवतो. घरापुढे कसं शोभेचं झाड हवं! बारमाही फुलणारं. लोकांनी थांबून बघितलं पाहिजे."

"लोक थांबतील. मी थांबेन की नाही ते बघा."

ही धमकी होती. पण धोंडोपंतांच्या ती लक्षात आली नाही. कासवापर्यंत धमकी पोचायला जरा वेळ लागतो.

वसाहतीत रंगनाथ नावाचा सरडा राहायचा. तो उद्यान सल्लागार होता. झाडांमधलं त्याला कितपत कळत होतं, ते त्यालाच ठाऊक. पण त्याच्या अंगी दोन मोठे गुण होते. एक म्हणजे फुलाचा रंग तो स्वतःच्या अंगावरच दाखवायचा. आणि दुसरा म्हणजे, तुम्ही काहीही बोला, तो मान हलवायचा. त्यामुळे प्रत्येक गिऱ्हाइकाला वाटायचं, वा, काय आपली आवड!

"हा कर्दळीचा पिवळा," असं म्हणून रंगनाथ पिवळा झाला. "हा जास्वंदीचा लाल. आता दोन्ही शेजारी शेजारी बघा." आणि तो पुढून पिवळा, मागून लाल झाला. धोंडोपंत खूश झाले.

मग धोंडोपंतांनी आपल्या अटी सांगितल्या. झाड हवं, पण त्याची पानं गळता कामा नयेत. फुलं हवीत, पण मधमाश्या नकोत. फळं अजिबात नकोत, माकडं येतात. उंची बेताची हवी, नाहीतर घर झाकलं जातं. रंगनाथनं प्रत्येक अटीला मान हलवली.

"आणि सावलीचं काय?" यमुनाबाईंनी आतून विचारलं.

"वहिनी, सावली अगदी शेवटी," रंगनाथ म्हणाला. "आधी रंगसंगती."

झालं! धोंडोपंत विचार करायला बसले. बोगनवेल जांभळी लावावी की राणी रंगाची, यात पहिला उन्हाळा गेला. अबोलीचा वाफा दारापाशी हवा की कुंपणाशी, यात दुसरा गेला. दोन्ही उन्हाळे रंगनाथ रोज यायचा, रंग बदलायचा, चहा प्यायचा आणि मान हलवून जायचा.

तिसऱ्या उन्हाळ्यात यमुनाबाई भर अंगणात चक्कर येऊन पडल्या. पडल्या त्या उताण्या. आता कासव उताणं पडलं की काय होतं, तुम्हाला माहीत आहे. चार पाय वर आणि आभाळाकडे बघत राहायचं. त्यांनी हाक मारली. शेजारच्या खोलीतून धोंडोपंत जिवाच्या आकांतानं धावत आले. ते पोचले तेव्हा संध्याकाळ झाली होती.

सुलट्या झाल्यावर यमुनाबाई एवढंच म्हणाल्या, "पुढच्या चैत्रात अंगणात सावली नसेल, तर मी दलदलीत माझ्या बहिणीकडे निघून जाईन. कायमची."

ही धमकी मात्र तत्काळ पोचली. साठ वर्षांचा संसार होता. यमुनाबाईंवाचून धोंडोपंतांना घडीभर करमत नसे. हे त्यांनी बायकोला कधी सांगितलं नव्हतं. लग्नानंतर लगेचच सांगायला घेतलं होतं, पण ते वाक्य अजून पुरं व्हायचं होतं.

त्याच दिवशी ते नर्सरीकडे निघाले. नर्सरी जंगलाच्या पार दुसऱ्या टोकाला होती आणि ती खारूबाईंची होती.

खारूबाईंची पद्धत अशी. त्या बिया जमिनीत पुरायच्या आणि कुठे पुरल्या ते विसरायच्या. मग जे काही उगवेल ते करवंटीत लावून विकायच्या. कशाची बी होती, ते त्यांना आठवणं शक्यच नव्हतं. पण तोंडानं गोड होत्या, त्यामुळे धंदा जोरात होता.

"मला शोभेचं, बुटकं, बारमाही फुलणारं आणि पानं न गाळणारं झाड द्या," धोंडोपंत धापा टाकत म्हणाले.

"आहे ना!" असं म्हणून खारूबाईंनी हाताशी होती ती करवंटी उचलली. तीत दोन पानांचं एक रोप होतं.

"याचं नाव काय?"

"तुम्ही आत्ता काय म्हणालात?"

"शोभेचं, बुटकं, बारमाही."

"मग तेच हे!" खारूबाईंनी करवंटी त्यांच्या पाठीवर ठेवली. "अगंबाई, केवढी माती ही पाठीवर तुमच्या!"

"बायको घासून द्यायची," धोंडोपंत ओशाळून म्हणाले. "हल्ली बोलत नाही."

आणि ते परत निघाले. आता नीट ऐका, इथेच सगळा घोटाळा झाला. करवंटीच्या भोकातून रोपाची मुळं खाली उतरली. खाली खारूबाई म्हणाल्या ती माती. मग काय विचारता! पाऊस पडला, ऊन पडलं, रोपानं अंग धरलं. करवंटी तडकून पडली. रोपाचं झाड व्हायला लागलं. आणि धोंडोपंत आपले चालतच होते.

असं कसं होईल म्हणतोस? ऊठ आणि समोरच्या देवळाच्या भिंतीत उगवलेला पिंपळ बघून ये. मग बोल.

धोंडोपंतांना यातलं काहीच कळलं नाही, कारण कासवाला स्वतःची पाठ दिसत नाही. पाठ जड वाटायला लागली तेव्हा ते म्हणाले, वय झालं. कानाशी सळसळ ऐकू आली तेव्हा म्हणाले, कान गेले. डोक्यावर पाखरं किलबिलायला लागली तेव्हा ते थबकले. म्हणाले, अरेरे, ही घेरीच दिसते. यमुनेला असंच होत असणार बिचारीला. आणि त्यांना फार वाईट वाटलं. इतकी वर्षं बायको म्हणत होती आणि आपण बोगनवेलीचे रंग बघत बसलो, या विचारानं त्यांना रडू आलं.

इकडे चैत्र आला. यमुनाबाईंनी वाट बघितली. नवरा किती सावकाश चालतो ते त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी आणखी चार चैत्र दिले. त्यापुढच्या चैत्रात मात्र त्यांनी बोचकं बांधलं, दाराला कडी लावली आणि रागानं तडक बहिणीकडे निघाल्या.

तडक म्हणजे, अकराव्या दिवशी फाटकाशी पोचल्या.

टळटळीत दुपार होती. पाठ भाजून निघत होती. डोळ्यांपुढे अंधारी आली. आता आपण उताण्या पडणार आणि सुलटं करायला कुणी येणार नाही, हे यमुनाबाईंना कळून चुकलं. त्यांनी डोळे मिटले.

आणि पाठीवर गार वाटलं.

त्यांनी डोळे उघडले. समोर धोंडोपंत उभे होते. धुळीनं माखलेले, डोळ्यांत पाणी.

"यमुने, रोप आणलं होतं गं, तुझी शपथ! वाटेत कुठे पडलं बहुतेक. मला पाठीवरचं काही दिसत नाही. तू जा बहिणीकडे, माझंच चुकलं. पण तुझ्यावाचून मला करमत नाही. हे सांगायचं राहूनच गेलं होतं."

यमुनाबाईंनी वर बघितलं. बघतच राहिल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "हा करंज आहे."

"कुठे?"

"तुमच्यावर."

यमुनाबाईंनी बोचकं खाली ठेवलं आणि त्यावर डोकं टेकून त्या सावलीत निवांत पडल्या. इतकी वर्षं साठलेली झोप होती ती. तीन दिवस उठल्या नाहीत. धोंडोपंतही तीन दिवस हलले नाहीत. त्यात त्यांना काही विशेष अवघड गेलं नाही म्हणा.

बातमी वसाहतभर झाली. रंगनाथ धावत आला, करंजाच्या पानासारखा हिरवागार झाला आणि म्हणाला, "हीच माझी मूळ कल्पना होती!" आठवड्याभरात अर्धी वसाहत पाठीवर करवंट्या घेऊन हिंडायला लागली. एका म्हशीनं मोगरा लावून घेतला. तो तिनं मान वळवून स्वतःच खाल्ला.

धोंडोपंत आजही करंज चौकात उभे आहेत. पानं गळतात, मधमाश्या येतात आणि माकडं तर मुक्कामालाच आहेत. एक अट म्हणून पुरी झाली नाही. पण लोक थांबून बघतात.

दुपारी यमुनाबाई म्हणतात, "अहो, ऊन आलं. जरा डावीकडे सरका." धोंडोपंत लगेच निघतात. डावीकडे पोचतात तोवर सूर्य मावळलेला असतो. मग यमुनाबाई ओलं फडकं घेऊन बुंध्याभोवतालची पाठ हळूच पुसून देतात.

तात्पर्य: घरापुढे लावायचं झाड निवडताना मुळीच घाई करू नये. पुरेसा वेळ घालवला की झाडच आपल्याला निवडतं. मात्र त्यासाठी आपली पाठ मजबूत हवी, आणि रागावून निघालेली बायको हळू चालणारी हवी.